टीबी समजून सात महिने: डी ७ मणक्यातला हायडॅटिड

पाठीचा मणका पोखरलेला दिसला की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा येतो आणि बहुतेक वेळा तो खराच निघतो. अडचण होते ती उरलेल्या थोड्या रुग्णांची. त्यांचा मणका जंतूंनी नव्हे, तर कुत्र्याच्या आतड्यातल्या फीतकृमीच्या अळीने पोखरलेला असतो. पाण्याने भरलेल्या पुटी करणारा हा आजार म्हणजे हायडॅटिड. हाडाच्या टीबीचा उपचार वर्षभर चालतो, त्यामुळे निदान चुकल्याचे कळायलाही कित्येक महिने लागतात आणि तोवर मज्जारज्जू दबत राहतो. हायडॅटिडच्या एकूण रुग्णांपैकी साधारण ०.५ ते ४ टक्क्यांत हाडाचा आजार आढळतो. त्यातले जवळपास निम्मे रुग्ण मणक्याचे, आणि मणक्यातही सर्वाधिक छातीच्या भागातले.

पुढचे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेले आहे, त्यातला रुग्ण ही कोणी एक व्यक्ती नाही. तपासण्या, मात्रा आणि अडचणी मात्र अशा रुग्णांत येतात तशाच ठेवल्या आहेत.

रुग्ण

पुरुष, वय ४१, वजन ५८ किलो. मूळ गाव माण तालुक्यातले, गेली अनेक वर्षे नवी मुंबईत टेम्पो चालवतो. सव्वा वर्षापासून दोन खांद्यांच्या मध्ये पाठदुखी, आणि डाव्या बाजूने बरगडीवरून पुढे येणारी पट्ट्यासारखी कळ. ताप नाही, रात्रीचा घाम नाही, वजन घटलेले नाही. सात महिन्यांपूर्वीच्या एमआरआयच्या अहवालात छातीच्या भागातल्या सातव्या, म्हणजे डी ७ मणक्याचा टीबी आणि शेजारी कोल्ड अ‍ॅब्सेस (टीबीचे गळू) असे लिहिले होते. नमुना न घेताच एकेटी, म्हणजे टीबीविरोधी औषधे, सुरू झाली: पहिले दोन महिने चार औषधांच्या एकत्रित चार गोळ्या रोज, नंतर तीन औषधे. सोबत पाठीचा पट्टा आणि विश्रांती.

दुखणे थोडे कमी झाले, आणि ‘औषध लागू पडतंय’ असा समज इथेच झाला. पट्टा आणि विश्रांतीने कोणत्याही कमकुवत मणक्याचे दुखणे कमी होते, त्यावरून टीबी सिद्ध होत नाही. पाचव्या महिन्यापासून पाय जड पडू लागले. सहाव्या महिन्यात चालताना पायातली चप्पल निसटायची आणि त्याला कळायचेही नाही. मग लघवी सुरू व्हायला वेळ लागू लागला.

तपासणीत डाव्या पायाची ताकद २/५, उजव्या मांडीची २/५ आणि घोट्याची ३/५. गुडघ्याचे व टाचेचे झटके वाढलेले, दोन्ही तळपायांचे अंगठे वर जाणारे, डाव्या घोट्याला क्लोनस (आपोआप होणारे लयबद्ध झटके). छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखाली दोन बोटांपासून खाली स्पर्श कमी. मज्जारज्जूच्या इजेची तीव्रता सांगणारी आशिया श्रेणी ‘सी’. लघवीनंतर मूत्राशयात १८० मिली शिल्लक. सुजेच्या रक्तचाचण्यांत ईएसआर १८, सीआरपी सामान्य; कृमींच्या आजारात वाढू शकणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे इओसिनोफिल, ५ टक्के.

जुन्याच फिल्मवर दिसलेले

नवा एमआरआय केला, पण निदानाची दिशा जुन्या फिल्मवरूनच ठरली. आधीच्या वाचनात काय बिघडले आहे ते पाहिले गेले होते. काय शाबूत आहे, ते पाहायचे राहून गेले होते.

डी ७ च्या देहाचा, म्हणजे पुढच्या जाड भागाचा, डावा अर्धा भाग, मागच्या कमानीतले डावे पेडिकल, आडवा काटा, लॅमिना आणि सातव्या बरगडीचे डोके खाल्ले गेले होते. तरीही वरची व खालची चकती शाबूत होती. शेजारच्या डी ६ आणि डी ८ मध्ये हाडाच्या मज्जेची सूज नव्हती. टीबीत हाडाचा नाश एवढा झाला असेल तर आजूबाजूची मज्जा सहसा सुजलेली दिसते. स्नायूत शिरलेला आणि कण्याच्या नळीत घुसून मज्जारज्जूला उजवीकडे ढकलणारा भाग म्हणजे एक मोठी पोकळी नव्हती. द्राक्षाच्या घडासारखी लहानमोठी पुटी एकमेकांना चिकटून होती. प्रत्येकीतला द्रव टी-१ वर काळा आणि टी-२ वर पांढरा, म्हणजे मेंदूजलासारखा. भिंत पातळ, दोन्ही प्रतिमांवर गडद. कॉन्ट्रास्ट दिल्यावर ती जवळपास उजळली नाही. टीबीच्या गळवाची भिंत जाड असते आणि कडेने ठळक उजळते, आतला पू डिफ्यूजन प्रतिमेवर अडकलेला दिसतो. इथे तसे काही नव्हते.

चकती वाचली म्हणजे टीबी नाही, असे मात्र समजू नये. मणक्याच्या देहाच्या मध्यभागी किंवा मागच्या कमानीत सुरू होणारा टीबी चकती सोडतो, आणि कर्करोगाची पसरही सोडते. एकेक खूण तपासली तर कुठलीच पुरेशी नाही. शाबूत चकती, मज्जेच्या सुजेचा अभाव, पातळ न उजळणारी भिंत, अनेक पुटी आणि शेजारच्या बरगडीचा सहभाग हे सारे एकत्र आले, की हायडॅटिड यादीत सर्वांत वर येतो. सीटीवर हाडातल्या पोकळ्यांच्या कडा कठीण झालेल्या नव्हत्या. अ‍ॅन्युरिस्मल बोन सिस्टमध्ये पुटीत रक्ताचे थर साचून द्रवाची पातळी दिसते, तीही नव्हती. मज्जावरणाबाहेरची अ‍ॅराक्नॉइड सिस्ट कण्याची नळी रुंद करते, पेडिकल पातळ करते, पण हाड असे पोखरून बरगडीत जात नाही.

मग इतिहास पुन्हा विचारला. पहिल्या कागदांवर ‘कुत्रा पाळलेला नाही’ अशी नोंद होती. प्रश्नच अपुरा होता. पुटी वर्षाला काही मिलिमीटर ते एखाद-दोन सेंटिमीटर वाढते, त्यामुळे संसर्ग वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचाही असू शकतो. विचारायचे ते असे: लहानपणी मेंढ्यांच्या वाड्यावर राहिलात का, मेलेल्या किंवा कापलेल्या मेंढीचे काळीज-फुप्फुस कुत्र्यांना टाकत होता का, पाणी कुठले प्यायचात? हा रुग्ण एकोणिसाव्या वर्षापर्यंत दरवर्षी पावसाळा सरला की वडिलांच्या मेंढरांबरोबर घाट उतरून कोकणात जात असे. वाड्यावर राखणीला तीन-चार कुत्री कायम असत. हा आजार फक्त मेंढपाळांना होतो असे नाही. मोकाट कुत्र्यांच्या विष्ठेने दूषित झालेल्या भाजीपाल्यातून तो शहरातही पोहोचतो.

पोटाच्या सोनोग्राफीत यकृत स्वच्छ, छातीच्या सीटीत फुप्फुसे स्वच्छ. या फीतकृमीविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्तचाचणी, एकायनोकॉकस आयजीजी एलायझा, निगेटिव्ह. संशय मागे पडण्याची दाट शक्यता असते ती या टप्प्यावर. हाडातल्या आजारात रक्ततपासणी पुष्कळदा निगेटिव्ह येते, कारण पुटी फुटलेली नसेल तर प्रतिजन रक्तापर्यंत फारसे पोहोचतच नाहीत. इओसिनोफिलही बहुतेकांत वाढत नाहीत. एलायझा पॉझिटिव्ह आली तर संशयाला बळ मिळते. निगेटिव्ह आली, तर निर्णय पुन्हा प्रतिमांवरच येतो.

हाडात तो वेगळा का वागतो

अंडे पोटात गेल्यावर भ्रूण आतड्याची भिंत ओलांडून यकृताच्या रक्तप्रवाहात शिरतो. बहुतेक तिथेच अडकतात, काही फुप्फुसात. थोडे जण झडपा नसलेल्या मणक्याच्या शिरांच्या जाळ्यातून थेट मणक्यात उतरतात. यकृतात शरीर पुटीभोवती तंतूंचे जाड आवरण तयार करते आणि पुटी गोल राहते. हाडात हे आवरण होत नाही. सूक्ष्म पुटी हाडाच्या जाळीतून, जिथे अडथळा कमी तिथून, पसरत जातात. बाहेरचा कठीण थर उशिरा फुटतो, म्हणून साध्या एक्स-रेवर दिसेपर्यंत आतला मणका बराच गेलेला असतो. आवरण नसल्यामुळे शस्त्रक्रियेत ‘इथवर आजार, इथून निरोगी’ अशी सीमाही सापडत नाही. हाड डोळ्याला निरोगी दिसत असतानाही त्यात सूक्ष्म पुटी असू शकतात. वेगवेगळ्या मालिकांत पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ३० ते १०० टक्के नोंदले गेले आहे, ते याच कारणाने.

ब्रेथवेट आणि लीस यांनी १९८१ मध्ये केलेले पाच गट आजही वापरले जातात: मज्जारज्जूच्या आत, मज्जावरणाच्या आत पण रज्जूबाहेर, आवरणाबाहेर पण नळीत, मणक्याच्या हाडात, आणि मणक्याशेजारी. पहिले तीन दुर्मिळ, पण त्यातली एकटी पुटी अखंड काढता आली तर रुग्ण कायमचा बरा होऊ शकतो. चौथा आणि पाचवा नेहमी दिसतात आणि तेच चिवट. या रुग्णात चौथा व पाचवा एकत्र, शिवाय नळीत शिरकाव. अशा आजाराचे नियोजन मंद वाढणाऱ्या कर्करोगासारखे करावे लागते. पहिली शस्त्रक्रिया हीच सर्वांत चांगली संधी असते, कारण नंतर व्रणात विखुरलेल्या पुटी शोधणे फार अवघड होते.

सुई घालायची का

इथे दोन चांगले नियम एकमेकांशी भांडतात. टीबीचा नियम सांगतो की नमुना घेऊन सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी) व कल्चर केल्याशिवाय मणक्याची एकेटी सुरू करू नये. हायडॅटिडचा नियम सांगतो की पुटीत सुई घालू नये. द्रव सांडला तर अ‍ॅनाफिलॅक्सिस (जीवघेणी अ‍ॅलर्जी) होऊ शकतो आणि सुईच्या मार्गावर नव्या पुटी रुजतात. क्रम पाळला तर दोन्ही नियम पाळता येतात. आधी एमआरआय ‘काय वाचले आहे’ या नजरेने पाहावा, मग सोनोग्राफी, छातीचा फोटो आणि एलायझा. त्यानंतरही टीबी, गाठ की हायडॅटिड हे ठरत नसेल, तर द्रवाच्या पोकळीऐवजी घट्ट हाडाच्या भागातून, पेडिकलमार्गे नमुना घ्यावा. हायडॅटिडची शक्यता असेल तर कृमिनाशक अल्बेंडाझोल किमान चार तास आधी सुरू करून, भूलतज्ज्ञ हजर ठेवून. सुईतून स्वच्छ पाण्यासारखा द्रव आला तर ओढणे तिथेच थांबवावे आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली हुक व स्कोलेक्ससाठी (अळीचे आकडे व डोके) पाठवावा. यकृतातल्या पुटीसाठी वापरतात ती सुईने द्रव काढून औषध भरण्याची पद्धत मणक्यात करू नये. ते औषध मज्जारज्जूपर्यंत पोहोचण्याचा धोका मोठा आहे.

या रुग्णात पाय झपाट्याने कमजोर होत होते आणि प्रतिमा पुरेशा स्पष्ट होत्या. सुई न घालता शस्त्रक्रिया करून ऊतक तिथेच तपासायला पाठवायचे ठरले. सात महिने पूर्ण मात्रेत घेऊनही आजार वाढला होता, म्हणून छातीरोगतज्ज्ञांच्या संमतीने एकेटी थांबवली. शस्त्रक्रियेतला प्रत्येक नमुना सीबीनॅट आणि टीबी कल्चरसाठीही जाईल, हे आधीच लिहून ठेवले. अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, म्हणजे १० ते १५ मिग्रॅ प्रतिकिलोच्या मर्यादेत, शस्त्रक्रियेच्या चार दिवस आधी सुरू झाले. मज्जारज्जू दबत नसता तर आणखी काही आठवडे औषध देऊन थांबता आले असते.

शस्त्रक्रिया

नुसती लॅमिनेक्टमी (मणक्याच्या मागच्या कमानीचे हाड काढणे) करून पुटी उपसणे ही जुनी आणि फसवी पद्धत आहे. रज्जू काही काळ मोकळा होतो, पण पुढचा पोखरलेला मणका खचतो आणि हाडात आजार तसाच राहतो. म्हणून मागून-बाजूने, बरगडीचे डोके व आडवा काटा काढून डी ७ संपूर्ण काढण्याची योजना होती.

क्रमाला इथे फार महत्त्व आहे. पुटी उघडण्याआधी, जागा स्वच्छ असतानाच, डी ५, डी ६, डी ८, डी ९ मध्ये पेडिकल स्क्रू बसवले. उजवीकडे तात्पुरता रॉड अडकवला, म्हणजे डी ७ काढताना कणा हलणार नाही. मग जखमेच्या सर्व कडा २० टक्के सलाइनमध्ये भिजवलेल्या पट्ट्यांनी झाकल्या. दोन रुंद तोंडाचे सक्शन तयार ठेवले, कारण बारीक तोंडात पुटीचे पडदे अडकतात आणि नेमक्या वेळी द्रव पसरतो. मोटर इव्होक्ड पोटेन्शियलवर, म्हणजे मज्जारज्जूतून स्नायूंकडे जाणाऱ्या सिग्नलवर, सतत लक्ष. सरासरी रक्तदाब ८५ मिमीच्या वर.

भूलतज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिसोन २०० मिग्रॅ आणि फेनिरामिन ४५ मिग्रॅ आधी दिले. त्याने अ‍ॅनाफिलॅक्सिस टळतोच असे नाही. म्हणून १:१०,००० अ‍ॅड्रेनलिनची सिरिंज भरून हाताशी होती, ०.५ मिली म्हणजे ५० मायक्रोग्रॅमने सुरुवात करण्यासाठी. पालथ्या रुग्णाला उताणा करायची ट्रॉली दाराबाहेर न ठेवता थिएटरच्या आत ठेवली.

सातव्या बरगडीचा आतला भाग, तिच्या डोक्याशी लागून असलेला सहाव्या बरगडीचा तुकडा आणि स्नायूतला पुटींचा घड एकत्र काढला. डी ७ ची डावी मज्जातंतू-मुळी दहा मिनिटे चिमट्यात धरून सिग्नल स्थिर असल्याची खात्री केली, मग बांधून कापली. छातीच्या भागात एका मुळीची किंमत म्हणजे बधिरपणाचा एक पट्टा, ती मोजायला हरकत नाही. नळीतल्या पुटी मज्जावरणाला चिकटलेल्या नव्हत्या, कोमट सलाइनच्या हलक्या धारेने सुटून आल्या. हाडातल्या मात्र फुटल्याच. हाडात त्या अखंड निघतील अशी अपेक्षाच ठेवू नये, फुटलेला द्रव पसरण्याआधी ओढून घ्यावा. एकदा रक्तदाब ७० पर्यंत उतरला. अंगावर चट्टे नव्हते, श्वासनलिकेचा दाब वाढलेला नव्हता, आणि तो रक्तस्रावाचा परिणाम ठरला. पण ते ठरेपर्यंत अ‍ॅड्रेनलिनची पहिली मात्रा देण्याची तयारी झाली होती, आणि तसेच असायला हवे.

मज्जावरण शाबूत असल्याची खात्री झाल्यावरच त्यावर कापसाच्या पट्ट्या ठेवून पोकळीत २० टक्के सलाइनचे गॉज दहा मिनिटे ठेवले, मग साध्या सलाइनने भरपूर धुतले. मज्जावरण फाटले असेल तर हे करू नये. तीव्र सलाइन असो की पोव्हिडोन आयोडीन, दोन्ही मज्जारज्जूला घातक आहेत. फॉर्मालिनला इथे जागाच नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडही बंद पोकळीत टाळावे, कारण वायू शिरेत जाऊ शकतो. तीव्र सलाइन शोषले जाते, म्हणून अर्ध्या तासाने सोडियम तपासले: १३८ वरून १४५.

यानंतर सर्वांचे हातमोजे, उपकरणे आणि सक्शनच्या नळ्या बदलल्या. देहाच्या जागी टायटॅनियम जाळीचा पिंजरा हाडाच्या सिमेंटने भरून बसवला. कलमाचे हाड पुढे पोखरले जाऊ शकते, म्हणून पुढच्या बाजूला ते टाळले. उजवीकडे मागे मात्र कमरेच्या हाडाचे कलम घातले. काढलेली बरगडी कलम म्हणून वापरण्याचा मोह होतो. या आजारात तो आवरावा. रक्तस्राव १,२०० मिली.

विकृतिशास्त्र अहवालात पेशीविरहित, थरांची, पीएएस रंगचाचणीत पॉझिटिव्ह भित्ती आणि त्यात हुक दिसले. सीबीनॅट निगेटिव्ह. कल्चरमध्ये सहा आठवड्यांनंतरही काही वाढले नाही. निक्षय या सरकारी टीबी नोंदणीवरची नोंद दुरुस्त करून घेतली.

पुढची दोन वर्षे

तिसऱ्या आठवड्यात लघवीचा कॅथेटर निघाला, सहाव्या आठवड्यात वॉकरने चालणे, तीन महिन्यांत ताकद दोन्ही पायांत ४/५. डाव्या पायातली ताठरता राहिली.

अल्बेंडाझोल रिकाम्या पोटी घेतले तर फारच थोडे शोषले जाते. स्निग्ध जेवणाबरोबर रक्तातले प्रमाण सुमारे पाचपट होते. घरी सांगायचे ते इतकेच, की गोळी तुपाच्या पोळीबरोबर, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर किंवा सायीच्या दुधाबरोबर घ्या. पूर्वी २८ दिवस गोळी आणि १४ दिवस सुट्टी असे चक्र असे. आता सलग देणे पसंत केले जाते. पहिले तीन महिने दर दोन आठवड्यांनी यकृताची तपासणी आणि रक्तपेशींची मोजणी, कारण यकृताची सूज आणि पांढऱ्या पेशींची घट हे दोन त्रास खरोखर होतात. दहाव्या आठवड्यात यकृताच्या तपासणीतले एसजीपीटी वाढून १६८ झाले. औषध थांबवले, तीन आठवड्यांत ते सामान्य झाले. मग रोज ४०० मिग्रॅ, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पूर्ण मात्रा. अशा वेळी रुग्ण ‘गोळ्या बंद झाल्या’ असे समजून परत येतच नाही, म्हणून पुढची तारीख त्याच दिवशी हातात द्यावी.

एमआरआय ३, ६, १२ आणि १८ महिन्यांनी. टायटॅनियमभोवती प्रतिमा बिघडते, त्यामुळे धातूचा परिणाम कमी करणारी एमआरआयची पद्धत (सीक्वेन्स) आधीच सांगून घ्यावी लागते. अठराव्या महिन्यात डाव्या स्नायूत, डी ८ च्या स्क्रूजवळ ८ मिमीची एकच पुटी दिसली. दुखणे नव्हते, पायात फरक नव्हता. औषध चालू असताना ती मरते आहे की वाढते आहे हे एका फोटोवरून ठरत नाही, म्हणून सहा महिने थांबून पुन्हा पाहिले. ती १३ मिमी झाली होती. लहान छेदातून, भोवतीच्या स्नायूच्या पातळ थरासह, न फोडता ती काढली. अल्बेंडाझोलसोबत प्राझिक्वांटेल हे दुसरे कृमिनाशक ४० मिग्रॅ प्रतिकिलो आठवड्यातून एकदा, म्हणजे ६०० मिग्रॅच्या चार गोळ्या, तीन महिने जोडले. अल्बेंडाझोल पुढेही चालू आहे, आणि दरवर्षीचा एमआरआय किमान दहा वर्षे ठरला आहे.

पत्नी, आई आणि भाऊ यांची पोटाची सोनोग्राफी केली. भावाच्या यकृतात ५ सेंमीची, कडेने पूर्ण चुना साचलेली पुटी सापडली. तिला औषध नको, फक्त वर्षातून एकदा सोनोग्राफी. भाऊ अजून मेंढ्या राखतो. वाड्यावरच्या कुत्र्यांना दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल ५ मिग्रॅ प्रतिकिलो द्यायला सांगितले आहे, कारण कुत्र्यात शिरलेला कृमी साधारण सहा-सात आठवड्यांत अंडी सोडू लागतो. मेलेल्या मेंढीची आतडी, काळीज आणि फुप्फुसे कुत्र्यांच्या तोंडी न देता खोल पुरायची किंवा जाळायची, हेही त्याला सांगितले आहे.